चिंचोक्याच्या खळीवरची शारदा

त्या साली माझा जो काही धंदा होता, तो मला एकाही माणसाला एका वाक्यात सांगता आला नाही. कुठे साहित्याचा मेळा भरला, व्याख्यानमाला लागली, गाण्याचा जलसा ठरला, की त्याची निमंत्रणपत्रिका आखायची, कमानीवरची अक्षरं काढायची, स्वयंसेवकांचे बिल्ले रंगवायचे आणि व्यासपीठामागचा पडदा उभा करून द्यायचा, असं ते काम. माझे सासरे त्याला ‘सभांची सजावट’ म्हणत आणि म्हणताना खिडकीबाहेर बघत. त्याआधी मी पुण्यातल्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर होतो. नोकरी सोडून आठ महिने झाले होते. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी निरोप धाडला होता, की या महिनाअखेरपर्यंत तुमचं पत्र हाती आलं तर जागा तुमचीच, नाहीतर जाहिरात देतो.

अशा वेळी चिखलीचं बोलावणं आलं. तालुक्याचा पहिलाच साहित्यमेळा, तीन दिवसांचा, नागपूर-अमरावतीपासून मंडळी येणार, आणि पडद्यावर हवी होती अठरा फुटी शारदा. एवढा मोठा पडदा मी जन्मात रंगवला नव्हता. तो साधला तर पुढच्या वर्षीची चार मोठी कामं चालून येणार होती, आणि फसला तर वऱ्हाडभर बोभाटा. पत्नी म्हणाली, “तुमचं तुम्ही ठरवा.” भांडली असती तर बरं झालं असतं. निघायच्या आदल्या दिवशी मी हेडमास्तरांना ‘पुन्हा रुजू व्हायला तयार आहे’ असं पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिलं. टाकायचं की फाडायचं, ते पडदा ठरवणार होता.

जलंब ते चिखली

जलंबला गाडी बदलावी लागते. तिथून खामगावला जाणारी छोटी गाडी आपल्या मर्जीची मालकीण आहे. तिची वाट बघत मी ट्रंकेवर बसलो होतो आणि आजूबाजूची माणसं हळूहळू लांब सरकत होती. कारण ट्रंकेतला सरस. रंगाची पूड कापडाला धरून राहावी म्हणून आम्ही तो पाण्यात शिजवून रंगात घालतो. जनावराचं कातडं आणि हाडं उकळून तो बनतो, आणि बंद डब्यातूनसुद्धा आपली ओळख देतो. एका मुनिमाने मला विचारलं की तुमच्या ट्रंकेत काही मेलंय का. मी हसलो. अपशकुन मानायचा नाही असं ठरवूनही मी तो मानला.

खामगाव म्हणजे कापूस. सरकी काढायच्या जिनांच्या फाटकांसमोर बैलगाड्यांच्या रांगा, झाडांच्या फांद्यांना, तारांना, माणसांच्या पागोट्यांना कापूस चिकटलेला. पुण्यात आपण कापूस बघतो तो वातीपुरता. इथे तो रस्त्यावरून उडत होता आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. सर्व्हिस मोटारीने चिखलीला पोचेपर्यंत माझी काळी टोपी पांढरी झाली होती.

मोटारअड्ड्यावर मेळ्याचे चिटणीस बापूसाहेब वकील न्यायला आले होते. गोल, घाईचे, प्रेमळ गृहस्थ. घरी नेऊन त्यांनी बेसनाच्या पातोड्यांची रस्साभाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. रश्शाचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तसे ते म्हणाले, “तिखट कमीच टाकाले सांगतलं होतं, पाहुने पुण्याचे म्हनून.” आमच्याकडे आग्रह गोडाचा करतात, इथे तो तर्रीचा करतात, एवढाच काय तो फरक.

जेवताना त्यांनी हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. गावात पाट्या रंगवणारे रहीमभाई म्हणून आहेत, पडदा त्यांनाच द्यावा असं निम्म्या मंडळीचं म्हणणं होतं. पण पहिलाच मेळा, म्हणून पुण्याचा माणूस आणला. ‘तेव्हा जरा इभ्रतीचं पाहा’, असं ते भाताच्या वेळी म्हणाले, आणि माझा भात पानात तसाच राहिला.

शाळेचा हॉल

पडद्याचं मांजरपाट आडतदुकानाच्या शेठांनी दिलं होतं. ते शाळेच्या हॉलच्या लांब भिंतीवर ताणून बसवलं आणि मी कामाला लागलो. शाळेच्या दारावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ अशी पाटी होती. तिचीही अक्षरं जाता जाता उजळून द्या, असं तिथल्या हेडमास्तरांनी सुचवलं. हेडमास्तर दिसले की माझा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे जायचा, मग ते कुठल्याही शाळेचे असोत.

दुसऱ्या दिवसापासून एक उंच, वाळकेसा माणूस दारात येऊन उभा राहू लागला. डोक्याला मळका रुमाल, बोटांच्या पेरांना हिरवा रंग. आत यायचा नाही, बोलायचा नाही. चौकटीला टेकून अर्धा तास बघायचा आणि जायचा. हेच रहीमभाई, हे मला कुणी सांगायला नको होतं. बाजारातल्या सोडावॉटरच्या दुकानावर त्यांनी काढलेला घोडा मी पाहिला होता. घोडा गुडघ्यात चुकला होता, पण बारा पावसाळे खाऊनही त्याचा रंग उडाला नव्हता, हेही माझ्या नजरेने टिपलं होतं. हा माणूस माझी चूक शोधायला येतो, अशी माझी खात्री झाली. तो दारात असला की मी एकच रेघ तीनदा काढायचो.

तिसऱ्या दिवशी शारदेचा चेहरा, वीणा आणि निम्मं पातळ झालं होतं. दुपारी शेठाणीबाई आल्या. बरोबर दोन सुना, हातात हळदकुंकवाची तबकं. कापड आपलं, तेव्हा देवीचं पहिलं हळदकुंकूही आपलं, असा त्यांचा साधा भाव. मी स्टोव्हवर सरस तापवत होतो. त्यांनी नाकाला पदर लावला आणि विचारलं, “ह्याच्यात काय शिजवता, पेंटरसाहेब?”

आता इथे कुणीही शहाणा माणूस ‘रंगाचं औषध आहे’ असं म्हणून मोकळा झाला असता. पण घाबरलो की मी फार बोलतो. दारात रहीमभाई उभे होते, त्यांच्यासमोर आपली विद्या दाखवावी असंही कुठेतरी वाटलं असेल. मी त्यांना सरसाची सगळी जन्मकथा सांगितली: कातडं कुठून येतं, हाडं किती उकळतात, कोणता सरस उत्तम. शेठाणीबाईंनी तबक पदराने झाकलं, सुनांना पुढे घातलं आणि निघून गेल्या.

तासाभरात बापूसाहेब धापा टाकत आले. शेठ जैन, घरात मुंगी मरू देत नाहीत. त्यांच्या कापडावरच्या सरस्वतीला जनावराचं कातडं लागलं, ही गोष्ट आता गावात सगळ्यांना माहीत झाली होती. ब्राह्मणआळीही कुजबुजत होती. हा पडदा वर चढणार नाही. दुसरं कापड शेठ देतील, पण सरस नको.

“मेळ्याच्या आधी चारच दिवस हाये, आता कसं करता?” त्यांनी विचारलं.

सरसाशिवाय पूड कापडावर बसत नाही, झटकली की धूळ होते. तेलरंग एवढे मिळणार नव्हते आणि चार दिवसांत वाळणार नव्हते. बापूसाहेब गेल्यावर मी त्या अर्ध्या शारदेसमोर जमिनीवर बसलो. आता सगळं संपलं असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी सुटकाही वाटली. पत्र खिशात होतंच.

तेव्हा रहीमभाई पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत आले. पायताण बाहेर काढलं, माझ्यापासून जरा अंतरावर उकिडवे बसले. “सरस काऊन वापरता तुमी?” ते म्हणाले. “चिंचोके भेटत नाहीत का पुन्यात?”

वाडीवर

चिंचेच्या बियांची खळ करतात, ती रंगात घालतात, हे मी कुठे ऐकलं असेन-नसेन. रहीमभाई मोहरमचे ताबूत बांधत. ताबुताला गावातले हिंदू नवस बोलतात, नारळ आणतात, म्हणून त्यांच्या वडिलांच्या काळापासून ताबुताच्या कागदाला आणि रंगाला सरसाचा थेंब लागू दिलेला नव्हता. सगळं काम चिंचोक्याच्या खळीवर. मी विचारलं, तडकत नाही का? ते म्हणाले, तडकते, चुकलं त. मी विचारलं, पडदा गुंडाळला तर? त्यावर ते म्हणाले की ताबूत काही कुणी गुंडाळत नाही, तेव्हा ते त्यांनाही माहीत नाही. इतका प्रामाणिक माणूस अशा वेळी भेटू नये.

चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून, दळून खळ करायची तर त्यातच वेळ जाणार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही छकड्यातून घोंगड्या विणणाऱ्या धनगरांच्या वाडीवर निघालो. घोंगडीलाही हीच खळ देतात, तेव्हा त्यांच्याकडे दळलेलं पीठ तयार असणार, असा रहीमभाईंचा हिशेब.

वाचकहो, तो रस्ता मी नीट बघितला असता तर तुम्हाला त्याचं छान वर्णन देता आलं असतं. काळीभोर जमीन, तीत पांढरा फुटलेला कापूस, तुरीचे पिवळे पट्टे, ज्वारीची दाणा भरलेली कणसं. आमच्याकडची माती लाल-करडी, बोलून चालून काटकसरी. इथली बघितली की हात घालून बघावासा वाटतो. पण माझ्या डोक्यात तीनच आकडे: आज एक दिवस गेला, राहिले तीन, कापड अठरा फूट. रहीमभाई वाटेतलं एकेक शेत कुणाचं ते सांगत होते आणि मी हाव हाव म्हणत होतो. एवढी त्यांची भाषा मी उचलली होती.

वाडीवर पार्वताबाई नावाच्या विणकरणीचं अंगण होतं. जमिनीवर काळी घोंगडी ताणलेली आणि ती बाई कुंचल्याने तिच्यावर खळ फिरवत होती. मोठ्ठा कुंचला, तीन चालींत हातभर घोंगडी. चित्रकलेच्या शाळेत मला जो हात शिकवला होता त्याहून तो हात मोकळा होता. रहीमभाईंनी काम सांगितलं. देवीचा पडदा म्हटल्यावर तिने पिठाचं गाठोडं आणून ठेवलं आणि मोल घ्यायला मान हलवून नाही म्हटलं. मग बसवून ठेवलं. हुरड्याचे दिवस होते. शेणाच्या गोवऱ्यांत कणसं भाजून तिच्या नवऱ्याने हातावर चोळून दिली, बरोबर जवसाची चटणी. गेल्या दोन दिवसांत पोटभर खाल्लेलं ते पहिलं अन्न.

निघताना मी तिला तोच प्रश्न केला, जो सकाळपासून रहीमभाईंना दहा वेळा केला होता: धरून राहील का?

“पातळ ठेवजा, अन् हात घाई करू नोका,” ती म्हणाली. “खळ नाई तडकत, बाप्पा. मानूस तडकते.”

तीन दिवस

शेठांनी दिलेलं दुसरं कापड भिंतीवर ताणलं आणि ते तीन दिवस रहीमभाई माझ्याबरोबर राबले. खळ त्यांच्या घरी त्यांची बायको शिजवून फडक्यातून गाळून द्यायची. तीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मी बाह्यरेघ काढायची, त्यांनी मोठे रंग भरायचे. निळ्या पदराचा तो सगळा उतार त्यांचा आहे. मी केला असता तर इतका शांत झाला नसता. मी मात्र दर घटकेला बोट लावून बघत होतो, वाळलं का, उडतंय का. शेवटी त्यांनी माझा हात धरून बाजूला केला आणि म्हणाले, दर खेपेला ठसा पडून राह्यला, तो मले पुसावा लागते.

हा रंग पुरता पक्का व्हायला चार दिवस लागतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्याकडे ते नव्हते. म्हणजे पडदा गुंडाळून पाहायची सोय नव्हती. मेळ्याच्या दिवशी दुपारी तो एकदाच वर गुंडाळायचा आणि चार वाजता, सगळ्या सभेसमोर, दोरी सोडून एकदाच उलगडायचा. जे काय व्हायचं ते तेव्हा.

मेळ्याचा दिवस

सकाळी सातला मी एकटाच हॉलमध्ये गेलो. शारदा पूर्ण झाली होती, आणि तिरपं ऊन तिच्या पायापाशी आलं होतं. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग खाली जमिनीवर काहीतरी निळं दिसलं. उचललं. रंगाची खपली, नखाएवढी. वर पाहिलं, तर पदराच्या खालच्या टोकाला तेवढाच पांढरा डाग.

गुंडाळायच्या आधीच सुटायला लागला. अठरा फूट कापड बांबूवर फिरलं की काय होणार, ते मला डोळ्यांसमोर दिसलं: दोरी सुटतेय, अध्यक्ष मान वर करून बघतायत आणि शारदा त्यांच्या टोपीवर निळ्या भुशासारखी पडतेय. शेठाणीबाई तबक घेऊन पुढच्या रांगेत. बापूसाहेबांची इभ्रत. दारात टेकलेला सगळा गाव.

आठला टपालाची मोटार खामगावला निघते, हे मला चौकशी न करताही पाठ होतं. आजच्या टपालात पडलं तरच पत्र महिनाअखेरीला पुण्यात पोचणार होतं. मी कुणाला विचारलं नाही. रहीमभाईंचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तिकडेही गेलो नाही. तडक पोस्टात गेलो आणि पत्र पेटीत टाकलं. पेटीच्या तोंडात बोटं तशीच क्षणभर राहिली, पण पत्र सुटलं होतं. मोटारीचा भोंगा मी रस्त्यातच ऐकला.

दुपारी पडदा गुंडाळला. चार वाजता हॉल भरला, खिडक्यांतूनही डोकी. मी पडद्याच्या कडेला, दोरीवर रहीमभाई. अध्यक्ष उठले, त्यांनी मान हलवली, आणि दोरी सुटली. बांबू खाली येऊन व्यासपीठावर टेकला, ठक्क असा एकच आवाज झाला. मी डोळे मिटले होते. ते उघडले ते टाळ्यांनी. शारदा अख्खी होती. सकाळच्या त्या डागाखेरीज एक तडा नाही, एक खपली नाही. ती जणू त्या भिंतीवरच जन्मली होती. शेठाणीबाई व्यासपीठावर चढल्या आणि देवीच्या पायांशी हळदकुंकू वाहिलं. बापूसाहेब रडत होते की काय, चष्मा पुसत होते.

नंतर बाहेर चहा घेताना मी रहीमभाईंना सकाळच्या खपलीचं विचारलं. ते सहज म्हणाले, “ते त मीच काढलं. काल सांजच्याले. खळीनं पकडलं का नाई, ते नखानं खरडूनच समजते. ताबुताले बी आमी तसंच पाह्यतो. दोन नखं लावली तवा कुठं निंघालं ते. तवाच मी समजलो, आता फिकर नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काऊन? तुमी घाबरले का?”

मी नाही म्हटलं.

पडद्याच्या कोपऱ्यात नाव घालायचं राहिलं होतं. दोघांची घालू या, असा मी आग्रह धरला. त्यांनी कुंचला माझ्याच हातात दिला. “माझं नाव गावात पाटी-पाटीवर हाये,” ते म्हणाले. “तुमचं लिवा. तुमाले लागते.” मी माझं नाव लिहिलं, आणि ते जेवायला गेल्यावर त्यांचंही खाली लिहिलं. त्या नावाखालची खळ अजून ओली असताना माझं पत्र जलंबच्या फलाटावर गाडीची वाट बघत पडलं असेल.

खामगाव, परतताना

मेळा तीन दिवस गाजला. दोन गावांची मंडळी मला भेटली, पुढच्या वर्षी याल का म्हणाली. मी मोघम बोललो. परतताना खामगावला गाडीला दोन तास होते आणि तारऑफिस समोरच होतं. तुम्ही म्हणाल, पत्र गेलं म्हणून काय झालं, तार करायची होती. मीही तेच म्हटलं. आत गेलो, फॉर्म मागून घेतला, हेडमास्तरांचा पत्ता लिहिला आणि खाली ‘पत्र रद्द समजावे’ असे तीन शब्द लिहिले. बाबूने हात पुढे केला.

मी उभा राहिलो. मला पुढच्या वर्षीचे दोन पडदे दिसले, आणि ते ज्या गावी व्हायचे तिथल्या दारात कुणीही उभं नसलेलं दिसलं. एकदा निभावलं ते दुसऱ्याच्या खळीवर; पुन्हा निभावेल कशावरून? असं वाटलं ते वाटलं. मी बाबूला म्हटलं की मजकूर बदलायचा आहे, आणि फॉर्म घडी करून त्याच खिशात ठेवला, जिथे आधी पत्र होतं. गाडी वेळेवर आली. ती एकदाच काय ती वेळेवर आली असेल.

याला आता तीन वर्षं झाली. मी शाळेत आहे, तब्येत बरी आहे, सासरे माझ्याकडे बघून बोलतात. दर वर्षी मेळा झाला की रहीमभाईंचं कार्ड येतं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. यंदाचं गेल्या आठवड्यात आलं, तेव्हा मी पाचवीच्या वर्गात होतो आणि पोरं टेबलावर ठेवलेला गडू काढत होती. कार्डात लिहिलं होतं, की पडदा यंदाबी चढला, तीन वेळा गुंडाळला, कुठं खपली निघाली नाही. खाली एक ओळ: आता कोनता पडदा करून राह्यले, ते कळवजा.

मी कार्ड हजेरीपटात ठेवलं आणि गडूची सावली कुठल्या बाजूला पडते ते पोरांना दाखवायला उठलो.